चवीची नोंदवही

सायमन लोपीस, मरोळच्या शेडमध्ये
आता तू एकटाच चाखतोस.
माझी वही कपाटात, वरच्या खणात आहे.
पुठ्ठ्यावरचे डाग यीस्टचे आहेत, चहाचे नाहीत,
तेव्हा पुसू नकोस.

पिल्सनर सकाळी अकराच्या आत चाख,
जेवणानंतर तिला न्याय मिळत नाही.
जमली असेल तर
गरम पाव मधोमध फाडल्यावर येतो तो वास,
आणि गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी,
मेथीच्या एका पानाइतकं कडू.
दोन पानं वाटली तर टाकी पुन्हा बघ.

गव्हाची, ढगाळ, ती मागणारे लोक
पहिल्या घोटाला उगाचच हसतात.
वहीत मी लिहिलंय: शिकरण,
त्यात चुकून पडलेली एक लवंग.
जर्मनीहून मास्तर आला होता, त्याला शिकरण कळेना.
कँटीनमधून केळी आणली, दूध आणलं, कुस्करून दिलं.
त्यानं वाटी चाटूनपुसून संपवली
आणि विचारलं, पण ह्यात बिअर कुठाय?

कोकमाची आंबट तिसऱ्या खेपेला जमली.
पहिलीत मीठ फार होतं,
दुसरीत धीर कमी.

काळी स्टाउट गार देऊ नकोस.
गिऱ्हाईक भांडेल, भांडू दे.
बर्फात ठेवलीस तर गूळ मरतो तिच्यातला,
आणि तव्यावर विसरलेल्या भाकरीची कड
नुसतीच करपलेली उरते.

आयपीए मला कधी आवडली नाही.
पाडव्याला कडुलिंब चावणारं घर आमचं,
पण वर्षातून एकदा.
तरी तिला दहातले आठ दिलेत,
आपली जीभ वेगळी, नोकरी वेगळी.

हे सगळं तोंडपाठ आहे, म्हणून सांगते.
गेल्या भाद्रपदात ताप आला,
आठ दिवसांनी गेला,
जाताना वास घेऊन गेला.
दूध करपून भांडं काळं झालं
तेव्हा शेजारच्या भाटकरांनी दार वाजवलं.
डॉक्टर म्हणतात, येईल.
कधी, विचारलं की कागद चाळतात.

मी राजीनाम्यात कौटुंबिक कारण लिहिलं.
खरं तुला एकट्याला माहीत आहे.

बुधवारी माहीमच्या परमिट रूममध्ये बसते,
पंखा कुरकुरतो त्या टेबलाशी.
पर्समध्ये परमिट आहे,
आरोग्य जपण्यासाठी प्यावी, असं सरकारनं लिहून दिलंय.
सुधाकर पुजारी बत्तीस वर्षं बाटल्या उघडतो,
स्वतः थेंब घेत नाही.
उकडलेले शेंगदाणे ठेवतो, विचारतो,
बाई, आज कशी आहे?
मी ग्लास कानाशी नेते.
ताजी असली तर फेस
सुपात तांदूळ पाखडल्यासारखा बोलतो, बराच वेळ.
शिळी लवकर गप्प होते.
बरी आहे, म्हणते मी.
बाकी नुसतं थंड, कडसर पाणी.

परवा त्यानं हिरवी बाटली आणली,
क्रेट दुपारभर पश्चिमेच्या खिडकीत राहिलेला.
मी घोट घेतला
आणि सायमन,
जळकं रबर. ओलं मांजर. फाटक्या रेनकोटची घडी.
कुठूनतरी, फार लांबून, पण आलं.
आपण अशी अख्खी बॅच गटारात ओतली होती, आठवतंय?
तू नाकाला रुमाल बांधला होतास,
मी तुला हसले होते.

पुन्हा हुंगलं. होतं.
पलीकडच्या टेबलावरचा माणूस
बाटली वर करून ओरडला, ही नासलीय!
सुधाकर धावत आला, माझीही उचलायला लागला,
म्हणाला, बदलून देतो, बाई, माफ करा.

वहीच्या शेवटच्या पानावर जागा आहे.
हिरवी बाटली, माहीम, बुधवार, उन्हानं गेलेली.
गुण तू दे.
मी ग्लासावर तळहात ठेवला
आणि तो जाईपर्यंत काढला नाही.